जुने भयपट पुन्हा बघताना: हसायचं कशाला, विचारायचं काय

वैशाखात खान्देशात घरात झोप लागत नाही. पारा 45 अंशांना टेकतो, भिंती रात्री दहापर्यंत तापलेल्या असतात, म्हणून माणसं अंथरूण-पांघरूण घेऊन धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर जातात. आमचे भयपट तिथूनच सुरू झाले. शेजारच्या दुमजली घराची मागची भिंत आमच्या धाब्यासमोर येते. तिला चुना मारलेला आहे. पुतण्यानं एका उन्हाळ्यात जुना प्रोजेक्टर आणला, शेजारच्या जिभाऊंना विचारलं, आणि त्यांच्या भिंतीवर आम्ही पहिला चित्रपट लावला. चार उन्हाळे झाले. नाव काढलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच 'लहानपणी मी भ्यालो होतो' म्हणतात, असेच चित्रपट आम्ही जास्त बघतो.

या चार वर्षांत कामाची एक गोष्ट कळली, ती आधीच सांगतो. जुन्या भयपटावर दोन प्रकारचं हसू येतं. एक रबरी मुखवट्याला बघून येतं, ते मोकळं असतं. दुसरं पडद्यावर मार खाणाऱ्या माणसाला बघून येतं, आणि तिथं थांबून विचारायचं असतं की आपण नक्की कुणाला हसतोय. पुढचं सगळं या दोन हसण्यांमधला फरक ओळखण्यासाठी आहे.

आधी माणसं बघा, मग चित्रपट

पहिल्याच उन्हाळ्यात माझ्याकडून चूक झाली. 'लपाछपी' लावला. विशाल फुरिया यांचा हा मराठी चित्रपट 2017 मध्ये लागला होता, पूजा सावंत त्यात गरोदर बाई झाली आहे. उसाच्या शेतातलं एकाकी घर, आणि कथेच्या मुळाशी मुली जन्माला येऊ न देण्याची गोष्ट. चित्रपट चांगला आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून बाकी काही बघितलं नाही. आमची वहिनी तेव्हा सातव्या महिन्यात होती. अर्ध्या तासात ती उठून खाली गेली आणि दोन दिवस नीट बोलली नाही. माझं चुकलंच होतं.

तेव्हापासून आधी कोण येणार हे विचारतो. गरोदर बाई, नुकतं घरात कुणी गेलेलं माणूस, छातीचा त्रास असलेले म्हातारे, दहा वर्षांखालची पोरं. यांच्यापैकी कुणी असेल तर चित्रपट बदलतो, किंवा त्यांना आधीच स्पष्ट सांगतो की आज काय आहे. प्रमाणपत्रही बघतो. 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी. 'यूए' म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्यानं बघायचा; 2024 च्या नव्या नियमांत त्याचे 7, 13 आणि 16 वर्षं असे तीन टप्पे झाले आहेत, पण जुन्या चित्रपटांवर जुनंच प्रमाणपत्र असतं. म्हणून ज्यानं आधी एकदा पूर्ण पाहिलाय त्यालाच निवडीचा अधिकार, असा आमच्याकडे नियमच आहे.

काय लावायचं

सुरुवात ओळखीच्या गोष्टीपासून करा. आमच्याकडे ती 'झपाटलेला'नं झाली. महेश कोठारे यांचा 1993 चा चित्रपट. मरता मरता तात्या विंचू मंत्राच्या जोरावर आपला जीव एका बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्याच्या हाती येतो. पुन्हा बघताना बाहुल्याच्या हालचालींकडे लक्ष द्या. तो रामदास पाध्ये यांनी घडवलेला आहे, आणि बोलक्या बाहुल्यांची कला अंगात मुरलेला माणूस मागे असल्यामुळेच तो लाकडाचा तुकडा वाटत नाही. विनोद आणि भीती एकाच प्रसंगात कशी नांदते हे शिकायला मराठीत याच्यापेक्षा सोपा धडा मला माहीत नाही.

मग रामसे बंधूंचे हिंदी भयपट. इथं जरा जास्त वेळ द्यायचा. फत्तेचंद रामसे यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं, फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आलं. 1970 मध्ये त्यांचा एक चित्रपट पडला. त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात असा एक प्रसंग होता, आणि प्रेक्षक तेवढ्या प्रसंगासाठी येत होते, हे पोरांच्या लक्षात आलं. कुमार, तुलसी, श्याम, केशू, गंगू, अर्जुन, किरण असे सात भाऊ. कुणी लिहायचं, कुणी दिग्दर्शन, कुणी कॅमेरा, कुणी आवाज, कुणी संकलन. 1972 चा 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरला एका विश्रामगृहात मुक्काम ठोकून उरकला. भाऊबंद वाटणी करून शेत कसं ओढतात तसंच हे काम. आपल्याकडच्या प्रेक्षकाला ते सांगितलं की मुखवट्याची शिवण दिसली तरी तो त्या माणसांना हसत नाही.

रामशांचे तीन पुरे होतात: 'पुराना मंदिर' (1984), 'वीराना' (1988) आणि 'बंद दरवाजा' (1990). 'पुराना मंदिर'मध्ये जगदीप यांचा डाकू मच्छरसिंग आहे, 'शोले'ची सरळ नक्कल. पोरं म्हणतात, हे पुढे ढकला. पहिल्यांदा बघताना ढकलू नका. भीतीच्या दोन प्रसंगांमध्ये प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा हवी हे त्या काळी पक्कं गणित होतं, आणि ती जागा काढून टाकली की पुढची भीतीही बोथट होते. आम्ही दोन्ही करून पाहिलंय.

दुर्लक्षित म्हणावा असा माझा लाडका चित्रपट मात्र 'गहराई'. 1980 चा, अरुणाराजे आणि विकास देसाई या जोडीचा. श्रीराम लागू बाप, पद्मिनी कोल्हापुरे मुलगी, अनंत नाग मुलगा. बाप गावची वडिलोपार्जित जमीन साबणाच्या कारखान्याला विकतो. ती सांभाळणारा बसवा गडी कळवळून सांगतो की ही आई आहे. मग शहरातल्या घरात मुलीला काहीतरी होतं. कापूस आणि केळीवर जगणाऱ्या माणसांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. रस्त्याला, एमआयडीसीला जमीन दिलेले दोघे-तिघे आमच्या धाब्यावर होते. त्या रात्री कुणीही विनोद केला नाही.

थोडं मागे गेलात तर 'महल' (1949). त्यात दचकवणारं फारसं काही नाही, पण आवाजाचं काम असं आहे की दर उन्हाळ्यात एकदा ऐकावं. 'आयेगा आनेवाला'च्या ध्वनिमुद्रणात लता मंगेशकर दूरवरून गात गात माईकजवळ आल्या, म्हणून तो आवाज हवेलीच्या पोटातून येतोय असं वाटतं. आज हे काम यंत्र करतं. तेव्हा बाई चालत आली.

परदेशी एखादा हवाच असेल तर 'कार्निव्हल ऑफ सोल्स' (1962). त्यावर पुढे सविस्तर येतो.

प्रत आणि हक्क

रात्री दहा जणांना बसवून मग प्रत वाईट निघाली तर रात्र गेली. आधी दिवसा तपासा. तीन गोष्टी बघायच्या. एक, लांबी. इंटरनेटवरच्या पुष्कळ प्रती टीव्हीसाठी कापलेल्या असतात, कधी गाणी गेलेली, कधी नेमका भुताचाच प्रसंग. दोन, चौकट. जुना चित्रपट आजच्या रुंद पडद्यावर ताणून बसवला की चेहरे रुंद होतात आणि कुठलाही राक्षस भोपळ्यासारखा दिसतो. ती चूक ताणणाऱ्याची असते, मुखवटा घडवणाऱ्याची नव्हे. सेटिंगमध्ये मूळ प्रमाण ठेवा, बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या. तीन, अंधार. व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेल्या प्रतीत काळा रंग राखाडी होतो आणि त्यात काहीच दिसत नाही. कॅमेऱ्यावर टीका करण्याआधी दुसरी प्रत शोधा.

घरच्या चार माणसांत बघणं वेगळं आणि चौकात पडदा लावून गाव जमवणं वेगळं. गणपतीत किंवा यात्रेत दाखवायचा असेल तर हक्कदाराची परवानगी लागते. आपल्या कायद्यात चित्रपटावरचा हक्क तो प्रदर्शित झालेल्या वर्षानंतर 60 वर्षं चालतो. म्हणजे 'महल'सारख्या चित्रपटावरची मुदत संपलेली आहे, पण त्यातल्या गाण्यांचे हक्क वेगळे असू शकतात, तेवढं ध्यानात ठेवा. रामशांच्या कुठल्याही भयपटाची मुदत संपलेली नाही.

भिंत, आवाज, अंधार

चुन्याची भिंत चादरीपेक्षा चांगली, कारण वाऱ्यानं हलत नाही. चादरच लावायची तर खालच्या काठाला काठी शिवून घ्या. मे महिन्यात साडेसातपर्यंत उजेड रेंगाळतो, म्हणून आठच्या आधी सुरू करू नका. प्रोजेक्टर भिंतीला समोरासमोर ठेवा. तिरका ठेवून मशीनमधून सरळ केलेलं चित्र कडेला धूसर होतं. उजेडाला किडे येतात, त्यावर उपाय म्हणजे धाब्याच्या दुसऱ्या टोकाला एक पांढरा बल्ब. पुष्कळसे तिकडे जातात.

भीती निम्म्याहून जास्त आवाजात असते, तेव्हा खर्च करायचाच तर स्पीकरवर करा. तो प्रेक्षकांच्या मागे ठेवू नका, भिंतीच्या पायथ्याशी ठेवा. आणि वायर लावा. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. आमच्याकडे पहिल्या वर्षी सगळे 'डबिंग बघा कसं' म्हणून हसत होते. वायर लावल्यावर निम्मं हसू गेलं. त्या काळचे हिंदी चित्रपट नंतर स्टुडिओत आवाज भरूनच पूर्ण व्हायचे, त्यामुळे थोडं मागेपुढे असतंच, पण आपल्या यंत्राचा दोष त्यांच्या माथी मारू नये.

पहिल्यांदा: थांबवायचं नाही

पहिली फेरी सलग. मोबाइल पालथे. बोलायची परवानगी फक्त पडद्याशी, आपापसांत नाही. हे आमच्याकडे आपोआप ठरलं, कारण आमची मोठी काकू नायिकेशी बोलल्याशिवाय बघूच शकत नाही. नायिका तळघराच्या पायऱ्या उतरायला लागली की काकूचा आवाज येतो, 'तठे नको जाऊ वं माय!' आणि ती कुलपाला हात घालते तेव्हा, 'दिवा लाव ना वं पहिले.' सगळे हसतात, पण त्या हसण्यात कुणाचाच अपमान नसतो. काकू त्या मुलीला वाचवायला बघते. भयपटावरचा चांगला विनोद काकूसारखा असतो, आत शिरून केलेला. लांब बसून 'काय हा मूर्खपणा' म्हणणाऱ्याला मी अजून एकदाही धाब्यावर खरं हसताना पाहिलेलं नाही.

जेवण मध्यंतरात ठेवा. भरीत, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा. कथा सांगून होईपर्यंत भाकरी संपते, आणि तेवढ्यात कोण कुठे भ्यालं हे विचारून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर माणसं 'छे, मी कुठे' म्हणतात. ताज्या भीतीचाच जबाब खरा.

दुसऱ्यांदा: वही घेऊन

दुसरी फेरी दोन-तीन दिवसांनी, तिघा-चौघांतच. आता थांबवायचं, मागे न्यायचं. दोनशे पानी वहीत तीन रकाने आखा: काय दिसलं, काय ऐकू आलं, मला काय झालं. तिसरा रकाना लोक सोडून देतात आणि सगळं परीक्षण तिथंच फसतं. 'दिग्दर्शन कमकुवत' हे कुणालाही लिहिता येतं. 'इथं माझे पाय आपोआप अंथरुणात गेले' हे फक्त तुम्हालाच लिहिता येतं, आणि मग ते पाय का गेले याचं उत्तर पहिल्या दोन रकान्यांत शोधायचं.

'कार्निव्हल ऑफ सोल्स' घेऊन दाखवतो. हर्क हार्वे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात शाळा-कारखान्यांसाठी माहितीपट करायचे. प्रवासात त्यांना युटातल्या खाऱ्या सरोवराकाठी ओसाड पडलेला एक मोठा मनोरा-मंडप दिसला, आणि त्या एका जागेभोवती त्यांनी गोष्ट रचली. सुमारे तीन आठवड्यांत, थोड्या पैशांत चित्रपट पुरा झाला. त्यातलं पांढऱ्या चेहऱ्याचं भूत स्वतः हार्वेच आहेत. कथा मेरीची. शर्यतीच्या नादात गाडी पुलावरून नदीत पडते, मेरी तेवढी बाहेर येते, आणि दुसऱ्या गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची नोकरी धरते.

आमच्या वहीतलं एक पान कपड्यांच्या दुकानाच्या प्रसंगाचं आहे. पहिल्या रकान्यात: मेरी पोशाख घालून बघते, चित्र पाण्यासारखं थरथरतं, मग दुकानातली बाई तिच्याकडे बघत नाही, ती बोलते तरी उत्तर देत नाही. दुसऱ्या रकान्यात: आवाज गेला. संगीत नाही, पावलं नाहीत, रस्त्यावर आल्यावर गाड्याही नाहीत. नंतर बागेत पाखराचा आवाज येतो आणि जग परत सुरू होतं. तिसऱ्या रकान्यात पुतण्यानं लिहिलं होतं: 'मला वाटलं स्पीकरची वायर निघाली. मी उठून बघायला गेलो.' एवढं वाक्य वाचून आम्हाला तो प्रसंग कळला. प्रेक्षकानं यंत्रावर शंका घ्यावी इतका तो शांतपणा अचानक येतो. त्या प्रसंगात रक्त नाही, मुखवटा नाही, आणि खर्चही काही नसेल. विनोद तिथं आपोआप मिळाला (वायर बघायला उठलेला मुलगा) आणि टीकाही तिथंच मिळाली.

हा इंग्रजी चित्रपट ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी मी कथा आधीच सांगून टाकतो, शेवट सोडून. संवाद थोडे आहेत, अडत नाही.

हसायचे नियम

यावर वाद झालेत, तरी चार वर्षांनी एवढे उरलेत. तर्काला हसा: गावात एवढी माणसं असताना एकटीच का निघाली. सामानाला हसा: धुराचं यंत्र, प्लास्टिकची वटवाघळं, जिथं तिथं करकरणारं दार. योगायोगाला हसा. माणसाच्या शरीराला हसू नका.

हे शेवटचं सोपं वाटतं, पण रामशांच्या चित्रपटात रोज मोडतं. 'पुराना मंदिर'मधला सामरी आणि 'बंद दरवाजा'मधला नेवला म्हणजे अजय अग्रवाल. सहा फुटांहून उंच, लांबट चेहरा. ते रुडकीला स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेले इंजिनिअर. पोरं त्यांच्या चेहऱ्याला हसायला लागली की मी चित्रपट थांबवतो आणि एक गोष्ट बघायला सांगतो: ते चालतात कसे. घाई नाही. समोरचा पळतोय आणि हे एकेक पाऊल टाकत येतात, तरी आपल्याला खात्री असते की हे पोहोचणार. ते त्यांचं काम आहे. चेहरा निसर्गाचा, चाल त्यांची. चालीवर बोला.

तसंच गावंढळ बोलीला, नोकराला, वेड लागलेल्या पात्राला हसवून घेतलेलं असेल तर ते हसू टिपून ठेवा आणि लिहा की चित्रपटानं इथं स्वस्तात काम भागवलं. ती टीका आहे, आणि ती केलीच पाहिजे.

विचारायचं काय

भुताचा मुखवटा बाजूला ठेवला की प्रत्येक भयपटात एक जुना गुन्हा असतो. तो कुणी केला आणि त्याची शिक्षा कोण भोगतंय, एवढा एकच प्रश्न दुसऱ्या फेरीत धरून ठेवा. बाकीचं मागोमाग येतं.

'पुराना मंदिर'मध्ये सामरीला शिक्षा राजा देतो, धड आणि शिर वेगळं करतो. सामरी शाप देतो राजाच्या वंशाला, पण मरतात कोण? त्या घरातल्या बायका, बाळंत होताना. दोन पुरुषांचं वैर आणि किंमत बाळंतिणीनं मोजायची. पहिल्या फेरीत हे कुणाच्याही लक्षात येत नाही, कारण आपण सामरीच्या डोळ्यांकडे बघत असतो. 'गहराई' हाच प्रश्न जास्त प्रामाणिकपणे मांडतो: व्यवहार बापाचा, त्रास मुलीला, आणि ती झपाटलेली मुलगीच घरातलं दडपलेलं सगळ्यांसमोर बोलते. अमरीश पुरी यांचा मांत्रिक येतो तेव्हा भीती भुताची उरत नाही, त्या मुलीच्या अंगाशी आता हे काय करतील याची वाटते. दिग्दर्शकांना तेच हवं असावं.

आणि 'वीराना'. यावर मला थांबायचंय.

त्यात एक चेटकीण आहे, तिला गावचा ठाकूर आणि त्याची माणसं पकडून मारतात आणि तिचा सूड पुढच्या पिढीतल्या मुलीच्या अंगात शिरतो. आम्ही तो लावला तेव्हा कापसाच्या कामाला सातपुड्याकडून आलेल्या दोन-तीन बाया आमच्याकडेच मुक्कामाला होत्या, त्याही धाब्यावर बसल्या होत्या. बाईला पकडून नेण्याचा प्रसंग आला, पोरं नेहमीसारखी ओरडत होती, मेकअपवर बोलत होती. त्यांतली एक बाई माझ्या आईला हळू आवाजात म्हणाली, 'आमच्याकडे पण एकीला अशीच डाकीण म्हटली होती.' आईनं विचारलं, मग? ती म्हणाली, 'मग काय. गाव सोडला तिनं.' आणि परत चित्रपट बघायला लागली.

सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून बाईला छळणं ही पुस्तकातली गोष्ट नाही. ढोर मेलं, पोर आजारी पडलं, भावकीत जमिनीचा वाद निघाला की एखाद्या बाईकडे बोट जातं, पुष्कळदा विधवेकडे, एकटीकडे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर आधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार दंड. हे मी त्या रात्री मध्यंतरात सांगितलं. व्याख्यान म्हणून नाही, पोरांनी विचारलं म्हणून.

त्यानंतर आम्ही 'वीराना' बंद केला नाही. दुसऱ्या फेरीत परत पाहिला, आणि आता वहीत दुसरेच प्रश्न होते. तिला चेटकीण कुणी ठरवलं? तिच्या तोंडी स्वतःची बाजू मांडणारं एक तरी वाक्य आहे का? ठाकूर खरा की खोटा हे तपासायला चित्रपट एक क्षण तरी थांबतो का? रबरी मुखवटा तेव्हाही विनोदीच होता, आम्ही हसलोही. पण कॅमेरा गर्दीच्या बाजूनं उभा आहे आणि आपल्यालाही त्या गर्दीत उभं करतो, हे एकदा दिसलं की मग ते न दिसल्यासारखं करता येत नाही. ज्या भागात आपण राहतो तिथं हे लिहिणं माझ्या मते परीक्षणाचं पहिलं काम आहे. कॅमेऱ्याचे कोन नंतर.

'लपाछपी' नेमकं याच जागी वेगळा ठरतो. तिथं भूत कोण आणि खुनी कोण याची वाटणी उलटी आहे. वहिनीनं तो पुढच्या वर्षी, मुलीला मांडीवर घेऊन, स्वतः मागून पाहिला.

लिहिताना

कथा दहा ओळींत संपवा. शेवट फोडायचा असेल तर पहिल्या ओळीत तसं सांगा. मग एकच प्रसंग घ्या आणि तो वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभा करा, वर दुकानाचा केला तसा. विनोद त्या प्रसंगातून निघू द्या, वरून पेरू नका. हसू आधी आणि टीका नंतर, हा क्रम मला उपयोगी पडतो. हसलेल्या माणसाचं मन मोकळं असतं, त्याला अवघड प्रश्न विचारता येतो. आधी टीका केली तर तो हसायलाच घाबरतो.

'इतका वाईट की चांगला' हे वाक्य खोडा. नेमकं काय वाईट आणि नेमकं काय चांगलं ते वेगवेगळं लिहा. कमी पैशात केलंय म्हणून माफी देऊ नका आणि कमी पैशात केलंय म्हणून हिणवूही नका. शेजारच्या मालेगावात 2000 च्या सुमारास नासिर शेख यांनी गावच्या माणसांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला, तेव्हा पैसा कुठं होता? तरी त्या माणसांना चित्रपट आतून कळत होता. हार्वेंना कळत होता. रामशांना मुखवट्याच्या बाबतीत कळत होता, बाईच्या बाबतीत पुष्कळदा नाही. असं लिहिता आलं पाहिजे.

आणि अहिराणीत लिहून बघा. निदान पहिला खर्डा. आमच्या वहीत काकूची वाक्यं जशीच्या तशी आहेत, कारण 'नायिकेचं वर्तन तर्कविसंगत आहे' यापेक्षा 'दार कसाले उघाडस वं?' जास्त अचूक आहे. वाचणाऱ्याला तो प्रसंग, ती रात्र आणि बघणारी बाई, तिन्ही दिसतात.

शेवटी वही कुणाला तरी वाचायला द्या, ज्यानं चित्रपट पाहिलेला नाही अशा माणसाला. आमच्याकडे ती आईकडे जाते. ती रात्री उशिरापर्यंत जागत नाही, पण सकाळी चहाबरोबर वाचते आणि पेन्सिलीनं खूण करते. 'वीराना'च्या पानावर तिनं एका ओळीखाली रेघ मारली होती आणि पुढे लिहिलं होतं: हिचं नाव काय? आम्ही सगळीकडे 'चेटकीण' असंच लिहिलं होतं. चित्रपटात तिला नाव आहे, नकिता. आम्ही खोडून दुरुस्त केलं.